बाहीवरचा बिल्ला

वैमानिकाच्या जुन्या गणवेशाकडे पाहताना आपली नजर त्यावरच्या कापडी बिल्ल्यांवर खिळते. सैन्यात त्यांना 'पॅच' म्हणतात. काही बिल्ले सरकार देते. त्यांवरून हुद्दा व तुकडी कळते. त्यांचा आकार, रंग आणि जागा नियमाने ठरलेली असते. दुसरे बिल्ले वैमानिक हौसेने, पदरचे पैसे खर्चून करवून घेतात. एखाद्या मोहिमेची, आवडत्या विमानाची किंवा सोबत्यांची ती आठवण असते. आपल्या हवाई दलात फेब्रुवारी २०१९ मधील चकमकीनंतर मिग-२१ विमानांच्या एका स्क्वाड्रनच्या वैमानिकांच्या बाहीवर असा नवा बिल्ला आला. स्क्वाड्रनची अधिकृत मुद्रा मात्र होती तीच राहिली. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली.

दुसऱ्या महायुद्धात असे बिल्ले फार झाले, आणि त्यांतले कितीतरी आपल्या देशात तयार झाले. १९४२ साली अमेरिकेने चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान मिळून एक युद्धक्षेत्र ठरवले. तिचे अनेक सैनिक जहाजाने मुंबई बंदरात उतरले. ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता जपानने तोडला होता. त्यामुळे चीनसाठी आसामातून विमाने सुटत आणि हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगर ओलांडून जात. १९४५ पर्यंत या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन सामान गेले, आणि जवळजवळ सहाशे विमाने नष्ट झाली. अशा वाटेवरून सुखरूप परतलेल्या माणसाला काहीतरी आठवण घरी न्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

या युद्धक्षेत्राचा बिल्ला ढालीसारखा होता. वर निळ्या भागात चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खाली अमेरिकेच्या झेंड्यातले तांबडे-पांढरे उभे पट्टे. यंत्रावर शिवलेला साधा बिल्ला मिळत असे. पण पुष्कळ जण बाजारात जाऊन तोच बिल्ला जरीकामात करून घेत. कोणी चामड्याचे तुकडे जोडून, रंगवून घेत.

हे जरीकाम तुम्हांला परके नाही. भाईजानच्या शेरवानीवर, आपाच्या लग्नाच्या दुपट्ट्यावर तुम्ही ते पाहिले असेल. उर्दूत आपण त्याला जरदोजी म्हणतो. मराठीतही हाच शब्द चालतो. लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबवर, कापड ताणून बसवतात. त्यावर नक्षी उमटवतात. स्प्रिंगप्रमाणे वळवलेल्या बारीक तारेला सलमा म्हणतात. कारीगर तिचे कात्रीने बारीक तुकडे करतो, मणी ओवावा तसा एकेक तुकडा सुईत ओवतो आणि टाका घालतो. इंचभर जागा भरायलाही वेळ लागतो.

हाताचे काम असल्यामुळे एक बिल्ला हुबेहूब दुसऱ्यासारखा नसे. कुठे पट्टे वाकडे, कुठे ताऱ्याचे टोक आखूड, तर कुठे चीनचा सूर्य चक्क जरीच्या फुलासारखा! सरकारी नजरेने हे दोषच. मला मात्र तेच बिल्ले अधिक देखणे वाटतात. बिल्ला लावणाऱ्या वैमानिकाचे नाव लष्कराच्या कागदपत्रांत सापडते. बिल्ला भरणाऱ्याचे नाव कुठेही लिहिलेले नसते.

ही कला आजही चालू आहे. वाराणसीच्या लल्लापुरा मोहल्ल्यातले मुस्लिम कारीगर परदेशी सैन्यांसाठी असे बिल्ले भरतात.

जुन्या बिल्ल्यांना संग्राहक चांगली किंमत देतात, म्हणून नकलाही पुष्कळ होतात. नवा बिल्ला चहाच्या पाण्यात बुडवून जुना भासवतात. पारखी माणूस तो उलटा करून मागचे टाके पाहतो, तार किती काळवंडली आहे ते पाहतो. मग अंधाऱ्या खोलीत त्यावर अतिनील प्रकाशाचा दिवा धरतो. आजच्या कृत्रिम धाग्यांपैकी बरेच त्या प्रकाशात चमकतात. त्या काळचा सुती धागा सहसा चमकत नाही.