बेचाळीस किलोमीटरांचा जमाखर्च



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी विद्वानांची व्याख्याने ऐकता. माझ्यापाशी विद्वत्ता नाही. एका शर्यतीचा अनुभव आहे, आणि तीसुद्धा पहिल्या खेपेला मला पुरी करता आली नाही. कुस्तीत चीतपट झालेल्याने आखाड्यावर बोलायला उभे राहावे, तसाच हा प्रकार म्हणा. पण मातीची चव पडणाऱ्यालाच कळते, एवढ्या बळावर मी बोलणार आहे.

व्यवसायाने मी हिशेबनीस. चाळिशी उलटेपर्यंत बस पकडण्यापलीकडे कधी धावलो नव्हतो. पुढे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, चालता चालता धावू लागलो, आणि वयाच्या ४७ व्या वर्षी, २० जानेवारी २०१९ च्या पहाटे, मुंबई मॅरेथॉनसाठी हजारो हौशी मंडळींबरोबर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी उभा राहिलो.

आपण विचाराल, या शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असे अडनिडे का? मॅरेथॉनच्या रणातून विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावलेल्या आणि वार्ता सांगताच कोसळलेल्या दूताची कथा आपण ऐकली असेल. हिरोडोटसच्या इतिहासात ती नाही. ती पुढच्या लेखकांची. पण त्या कथेवरून १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आली. तेव्हा अंतर होते सुमारे ४० किलोमीटर. १९०८ साली लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातल्या राजपरिवाराच्या आसनांपर्यंत आखली गेली. ते अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरले आणि १९२१ साली तेच प्रमाण ठरले. म्हणजे शेवटच्या मैलात आमचे जे हाल होतात, त्यांत इंग्लंडच्या राजघराण्याचाही थोडा वाटा आहे!

त्याच लंडनच्या शर्यतीत दोरांदो पिएत्री नावाचा इटालियन हलवाई क्रीडांगणात सर्वांत पुढे आला, पण त्याला भान उरले नव्हते. तो उलट्या दिशेला वळला, पुनःपुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी त्याला उठवून रेषेपार नेले आणि त्याच कारणाने तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणीने त्याला चषक दिला. जग त्याला शूर म्हणून ओळखते. हा दोरांदो लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

आपल्याकडचा दुवा १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचा. त्या वर्षी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले ही शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. त्यांच्याबरोबर सदाशिव दातारही धावले. त्यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांचे नाव अधूनमधून निघते, दातारांचे फारसे निघत नाही. २०१९ नंतर मला मात्र दातारांचीच आठवण अधिक येते.

आता माझी गोष्ट. पाच तासांत पोचायचे, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटे, असा माझा बेत होता. पण पहाटेचा गारवा, वाजणारे ढोल, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारे लोक! पहिले दहा किलोमीटर सत्तर मिनिटांऐवजी अठ्ठावन्न मिनिटांतच झाले. बारा मिनिटे शिलकीत पडली, अशी मी मनात नोंद केली. हिशेबनिसाच्या हातून घडलेली एवढी ढोबळ चूक माझ्या नोकरीत कधी झाली नव्हती. ती शिल्लक नव्हती, ते कर्ज होते.

ते कसे, हे शरीराच्या वहीवरून समजेल. धावताना माणूस दर किलोमीटरला, आपल्या वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक उष्मांक खर्च करतो. माझे वजन ६८ किलो. म्हणजे पुऱ्या शर्यतीचा खर्च सुमारे २,८५० उष्मांक. शरीरात शक्तीचा साठा दोन रूपांत असतो. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली शर्करा ही खिशातली रोकड; ती सुमारे २,००० उष्मांकांची. दुसरी चरबी; सडपातळ माणसाजवळही तिचे हजारो उष्मांक पडून असतात. मग अडते कुठे? चरबी ही मुदतठेव आहे. ती मोडते, पण सावकाश, आणि तेवढ्याच शक्तीसाठी तिला प्राणवायू अधिक लागतो. जो बेताने धावतो त्याचा बराच खर्च ठेवीतून भागतो. जो वेग वाढवतो तो रोकड उधळतो. अशा उधळ्याचा खिसा तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरच्या दरम्यान रिकामा होतो. मेंदूचे पोषणही मुख्यतः शर्करेवर. म्हणून पायांबरोबर उमेदही खचते. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात.

माझी भिंत पेडर रोडच्या चढावर उभी होती. जाताना हा चढ मला जाणवलाही नव्हता. सागरी सेतूवर पोचेपर्यंत उजाडले, तेव्हा तर मी स्वतःवर फार खूश होतो. परतताना त्याच चढाशी दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, हात थंड पडले आणि पदपथावर बसलो तो उठवेना. एका आजीबाईंनी संत्र्याच्या फोडी हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, “बाळा, घरी जा आता.” मी आणखी अर्धा किलोमीटर ओढत गेलो आणि शर्यतीच्या गाडीत चढलो. पायांच्या दुखण्यापेक्षा एकाच विचाराने मी हैराण होतो : सोमवारी कचेरीत काय सांगू?

पुढचे वर्ष मी सराव केला आणि समजूनही घेतले. शर्करेइतकाच महत्त्वाचा हिशेब उष्णतेचा आणि पाण्याचा. खर्च झालेल्या शक्तीतली सुमारे तीन चतुर्थांश उष्णताच होते, आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. मुंबईच्या दमट हवेत घाम गळतो फार, वाळतो थोडा. म्हणून ऊन चढले की वेग उतरवलाच पाहिजे. मग भरपूर पाणी प्यावे का? इथे पुष्कळांची फसगत होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा तेरा जणांच्या रक्तातले सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालेले आढळले. अनेकांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले होते. हा प्रकार जिवावरही बेततो. तहानेइतके प्यावे, हा साधा नियमच शेवटी खरा.

१९ जानेवारी २०२० रोजी मी पुन्हा उभा राहिलो. या खेपेला पहिले दहा किलोमीटर बहात्तर मिनिटांत केले. म्हाताऱ्या माणसांनीही मला मागे टाकले. मी टाकू दिले. पेडर रोडचा चढ मुद्दाम चालत चढलो. मरीन ड्राइव्हला लागलो तेव्हा पाय जड होते, पण डोके ठिकाणावर होते, आणि पाच तासांत पोचण्याची आशाही शाबूत होती.

तिथे माझ्यापुढे पंचविशीचा एक तरुण धावत होता. धावत कसला, झोकांड्या खात होता. जवळ जाऊन विचारले, “कितवा किलोमीटर चालला आहे?” तो म्हणाला, “बारावा.” तोंड लाल, बोलणे अडखळते. मी त्याचा दंड धरला. तो चिडला. म्हणाला, “काका, थांबवू नका. घरचे सगळे शेवटी उभे आहेत.”

मित्रहो, तो क्षण मला जड गेला. गेल्या वर्षीची माझी लाज मी त्याच्या तोंडून ऐकत होतो. शिवाय माझे घड्याळही धावत होते. पण भान सुटणे, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत, हे मला वाचून ठाऊक होते. अशा वेळी दर मिनिटाला किंमत असते. मी स्वयंसेवकांना हाका मारल्या. त्याला सावलीत निजवले, अंगावर गार पाणी ओतले, बर्फ लावला. मग वैद्यकीय पथक आले. त्याने आपले नाव आणि गाव नीट सांगितले तेव्हा मी उठलो. अकरा मिनिटे गेली होती. मी ५ तास १४ मिनिटांनी पोचलो.

तेव्हापासून दोरांदोच्या गोष्टीने मी भारावून जात नाही. मला तिची भीती वाटते. भान हरपलेल्या माणसाला उचलून रेषेपार नेणारे लोकही त्याचे हितचिंतकच होते, आणि टाळ्या वाजवणारेही. धंदेवाईक खेळाडूची भाकरी शर्यतीवर असते. हौशी माणसावर अशी सक्ती नसते. थांबण्याचा अधिकार ही त्याची मोठीच मिळकत, आणि चारचौघांच्या लाजेखातर तो ती गमावतो.

म्हणून आपणांपैकी कुणाला धावावेसे वाटले तर अवश्य धावा. आधी वैद्याला प्रकृती दाखवा. अंतर थोडेथोडे वाढवा. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने सुरुवात करा. आणि घरच्यांना आदल्या रात्री सांगून ठेवा की, मी अर्ध्या वाटेवरून परत आलो, तरी ताट वाढून ठेवा.

मी २०१९ साली अर्ध्या वाटेवरून घरी आलो, तेव्हा पत्नीने ताट वाढून ठेवलेच होते. काय झाले म्हणून तिने विचारले नाही. जेवण झाल्यावर एवढेच म्हणाली, “पुढच्या वर्षी जरा हळू निघा.” सारा हिशेब तिने एका वाक्यात मांडला होता, तो समजायला मला आणखी बेचाळीस किलोमीटर लागले.