घरातला स्टुडिओ (९) : पडदे लावले, तरी डग्गा घुमतोच

आज कोपऱ्यातल्या रॉकवूलच्या चौकटी बांधायच्या होत्या. त्या पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कल्याणच्या एका तबलावादक वाचकाचं पत्र आलंय आणि ते सोडवल्याशिवाय करवतीला हात लावण्यात अर्थ नाही. दहा बाय दहाची खोली, उंचीही जवळजवळ दहाच फूट. तिन्ही बाजूंना जाड पडदे, खाली सतरंजी, भिंतीवर इंचभर फोम. टाळी आता टणटणत नाही. पण डग्गा पूर्वीपेक्षा जास्त घुमतो. पडद्यांनी उलटंच केलं का, असा त्यांचा सवाल.

उलटं नाही, अर्धंच केलं. भिंतीला लागून असलेली हवा जवळजवळ हलत नाही. ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, आणि मऊ वस्तू आवाज खाते ती हलत्या हवेतूनच. हजार हर्ट्झला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, शंभर हर्ट्झला तब्बल ८६. इंचभर फोमच्या वाट्याला तिथे काय येणार? चाटीचा कडकडाट गेला, डग्ग्याचा घुमारा तसाच राहिला, म्हणून तो वाढल्यासारखा वाटतो.

यात आपल्या भिंतींचाही हात आहे. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतल्या घरांसाठी असतात. तिथली आतली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. खर्जात ती स्वतःच थरथरते आणि त्यात आवाजाची ताकद जिरते. १२५ हर्ट्झला तिचा शोषणांक सुमारे ०.२९, आपल्या रंगवलेल्या काँक्रीटचा ०.०१. म्हणजे तिकडच्या माणसाला खर्जाचा बंदोबस्त घराबरोबरच मिळालेला असतो आणि वरचा फोम तेवढा तो विकत घेतो. आपण नेमका तो फोम तेवढा उचलतो.

खोल्यांतला आवाज मोजणारा वॉलेस सबिनही आधी एकाच सुरावर थांबला होता. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह त्याच्या गळ्यात पडलं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळे. या तरुण मास्तरानं रात्री सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या उशा आणल्या, ऑर्गनची ५१२ हर्ट्झची नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजला. स्वतःच्या कपड्यांनीसुद्धा आकडे बदलतात हे ध्यानात आल्यावर आधीची मोजमापं बाद केली आणि पुढे प्रयोगाला ठरलेलाच पोशाख घातला. (असा माणूस मला फार आवडतो.) पट्टीनुसार हिशेब कसा बदलतो ते त्यानं १९०६ साली मांडलं. शोषणाचं त्याचं माप होतं उघडी खिडकी, कारण बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

तेच माप तुम्हीही वापरा. दार-खिडकी सताड उघडून डग्गा वाजवा. घुमारा मोकळा झाला, तर दोष खोलीचा, वाद्याचा नव्हे. रिक्षांचे हॉर्न येतील. ही फक्त परीक्षा आहे, ध्वनिमुद्रण नव्हे.

मग जागा बदला. दहा फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून बसतो: भिंतीशी तो भरगच्च, बरोबर मध्यावर जवळजवळ गायब. तुमच्या खोलीत लांबी, रुंदी, उंची तिघींचं एकमत असल्यानं तो तिप्पट हट्टी. माइक मध्यावर नको, भिंतीशीही नको. फूट-दीड फूट सरकवत ऐका.

पैसा खर्चण्याआधी माळ्यावरच्या पिंजलेल्या कापसाच्या गाद्या खाली काढा. दुमडून कोपऱ्यात उभ्या करा आणि मागे वीतभर पोकळी सोडा. ती पोकळी फुकटची जाडी आहे. निम्मे पडदे मात्र काढून टाका, नाहीतर तबला बोळा कोंबल्यासारखा वाजेल.

पुढच्या आठवड्यातल्या चौकटींसाठी ४८ किलो घनतेचा रॉकवूल सांगून ठेवा. दुकानदार काचलोकर पुढे करील. तीही चालते, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसा.