डोनेगलचा गडी, गोव्याचं मैदान

आपल्या शहापूर-मुरबाडकडे टेनिस क्रिकेट आणि कबड्डीपुढे फुटबॉलला कोण विचारतो! तरी एका आयरिश मिडफिल्डरबद्दल लिहितोच. कार्ल मॅकह्यू. जन्म 1993, आयर्लंडच्या वायव्य टोकाचा ग्रामीण डोनेगल जिल्हा.

सुरुवातीला हा पठ्ठ्या बचावपटू होता. जानेवारी 2013 मध्ये इंग्लंडच्या लीग कपच्या उपांत्य फेरीत चौथ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्ड सिटीने प्रीमियर लीगमधल्या अ‍ॅस्टन व्हिलाला घरच्या मैदानावर 3-1 असं लोळवलं. त्यातला एक गोल मॅकह्यूचा, तोही हेडरने! वय अवघं 19. वेम्बलीच्या अंतिम सामन्यात मात्र स्वान्सीने ब्रॅडफर्डचा 5-0 असा धुव्वा उडवला.

पुढे प्लिमथ, मग स्कॉटलंडचा मदरवेल. तिथे तो मधल्या फळीत स्थिरावला. 2019 मध्ये थेट कोलकात्याच्या एटीके क्लबकडे. त्याच्या संघांनी इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक दोनदा जिंकला, 2020 आणि 2023 मध्ये, आणि दोन्ही अंतिम सामने झाले मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. 2020 चा सामना कोरोनामुळे प्रेक्षकांविना झाला. 2023 मध्ये तो एफसी गोवाकडे आला आणि तेच फातोर्डा त्याचं घरचं मैदान झालं.

माझ्या मते असे बचावात्मक मिडफिल्डर नेहमीच दुर्लक्षित राहतात. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, चेंडू हिसकावून देणाऱ्याचा नाही. पुढचा सामना बघाल तेव्हा पाच मिनिटं चेंडू सोडा, फक्त अशा एका खेळाडूवर नजर ठेवा आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा.