स्केचअपमधलं घर साइटवर नेताना: सातारा-सांगलीत ड्राफ्टिंगचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, मला स्केचअप येतं, ऑटोकॅडही येतं. यावर घरबसल्या व्यवसाय होईल का?" होईल. पण दोन सॉफ्टवेअर येणं वेगळं आणि एकातलं काम दुसऱ्यात बिनचूक नेणं वेगळं. पैसे या दुसऱ्या कामाचे मिळतात. आज तेच नीट समजून घेऊ.

आधी फरक समजून घ्या

स्केचअपचं मॉडेल घरमालकासाठी असतं. त्याला घर कसं दिसेल ते कळतं आणि तो "हो" म्हणतो. ऑटोकॅड किंवा रेव्हिटमधली ड्रॉइंग गवंडी, सेंट्रिंगवाला, प्लंबर आणि मंजुरी देणारं कार्यालय यांच्यासाठी असतात. मालक चित्र बघतो, गवंडी आकडा वाचतो. त्यामुळे मॉडेलमध्ये खपून गेलेली चूक ड्रॉइंगमध्ये महागात पडते.

समजा, कोरेगावच्या एका घराचं मॉडेल तुमच्याकडे आलं. एका ओळीत चार खोल्या आहेत आणि प्रत्येकीचं माप १० फूट दिसतंय. पण आकड्यामागे एक छोटी नागमोडी खूण आहे. या खुणेचा अर्थ "सुमारे". मॉडेल करणाऱ्याने माप दाखवायची अचूकता एक इंचावर ठेवली होती. खोली प्रत्यक्षात ९ फूट पावणेबारा इंच आहे. चार खोल्यांत मिळून एक इंच गेला. तुम्ही प्रत्येक खोलीवर १० फूट लिहिलं आणि एकूण माप ऑटोकॅडने ३९ फूट ११ इंच दिलं. लाइनआउटच्या दिवशी दोन आकडे जुळत नाहीत. माणसं आलेली आहेत, काम थांबलंय आणि फोन तुम्हाला येतोय!

म्हणून मॉडेल हातात आलं की पहिलं काम म्हणजे अचूकता वाढवून सगळी मुख्य मापं पुन्हा तपासणं.

सर्व्हेची फाइल स्केचअपमध्ये घेताना

१. युनिट. मोजणीची फाइल मीटरमध्ये, आर्किटेक्टची मिलिमीटरमध्ये आणि साइट फूट-इंचात, हे आपल्याकडे रोजचं आहे. इम्पोर्ट करताना ऑप्शनमध्ये जाऊन युनिट स्वतः निवडा. मग प्लॉटची एक ओळखीची बाजू मोजून बघा. ती जुळली तरच पुढे जा.

२. ओरिजिन. यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये मोजणी झाली असेल, तर साताऱ्याजवळचा प्लॉट शून्य बिंदूपासून उत्तरेकडे १९ लाख मीटरहून जास्त लांब पडतो. स्केचअप शून्यापासून इतक्या लांब नीट चालत नाही. रेषा थरथरतात, पृष्ठभाग कापल्यासारखे दिसतात. फाइलची कॉपी करून प्लॉटचा एक कोपरा शून्यावर आणा आणि किती सरकवलं ते लिहून ठेवा.

स्केचअपमधून ऑटोकॅडमध्ये नेताना

प्लॅन हवा असेल तर आधी कॅमेरा पॅरलल प्रोजेक्शनवर आणि व्ह्यू टॉपवर घ्या. पर्स्पेक्टिव्हमध्ये एक्स्पोर्ट केलं तर मापं वापरण्यालायक राहत नाहीत. खिडकीच्या उंचीवर सेक्शन प्लेन लावा. त्यावर राइट क्लिक करून "क्रिएट ग्रुप फ्रॉम स्लाइस" केलं की कापलेल्या रेषा वेगळ्या मिळतात. स्केल एकास एक ठेवा. समोरच्याकडे जुनं ऑटोकॅड असेल तर त्याच्या व्हर्जनप्रमाणे डीडब्ल्यूजी सेव्ह करा. एक लक्षात ठेवा, स्केचअपच्या ब्राउझरमधल्या फुकट आवृत्तीतून डीडब्ल्यूजी निघत नाही. व्यवसाय करायचा तर प्रोचा खर्च हिशोबात धरावा लागेल.

पुढे ऑटोकॅडमध्ये साफसफाई. एकावर एक बसलेल्या रेषा ओव्हरकिलने काढा, न वापरलेले लेयर पर्जने. गोल भिंत आणि गोल जिना मात्र नव्याने काढा. स्केचअपमधलं वर्तुळ खरं तर २४ बाजूंची आकृती असते. बाजू वाढवल्या तरी ती आकृतीच राहते. फॅब्रिकेटरला त्रिज्या हवी असते.

लेयरचं पण तसंच. स्केचअपमधले टॅग एक्स्पोर्टमध्ये लेयर होऊन येतात. म्हणून भिंत, दारं, फर्निचर यांचे टॅग मॉडेलमध्येच वेगळे असतील तर तुमचे काही तास वाचतात.

रेव्हिटमध्ये जाताना वेगळा विचार करा

स्केचअपची फाइल रेव्हिटमध्ये येते, पण तिथली भिंत रेव्हिटच्या दृष्टीने भिंत नसते, नुसता आकार असतो. तिला जाडीचे थर नसतात, तिच्यात खिडकी बसत नाही, तिची क्वांटिटी निघत नाही. तेव्हा ते मॉडेल खाली संदर्भाला ठेवा आणि वर रेव्हिटच्या भिंती नव्याने उभ्या करा. कामाला जास्त वेळ लागेल हे ग्राहकाला आधीच सांगा.

आणि काम फक्त इंटिरियरचं असेल तर कुठेच जायची गरज नसते. प्रोबरोबर येणाऱ्या लेआउटमध्ये मॉडेलवरूनच शीट तयार होतात. मॉडेल बदललं की शीट अपडेट करता येते.

मॉडेलला माहीत नसलेल्या तीन गोष्टी

*कॉलम.* कन्सेप्ट मॉडेलमध्ये कॉलम ९ इंची भिंतीत लपलेले असतात. भूकंपरोधक आरसीसीसाठीच्या आयएस १३९२०च्या २०१६च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर सांगितली आहे. कोयनेचा १९६७चा भूकंप आपल्या भागाने भोगलाय, त्यामुळे हा नियम आपल्यासाठी कागदावरचा नाही. २३० मिलिमीटरच्या भिंतीतून असा कॉलम ७० मिलिमीटर बाहेर येतो. मॉडेलमध्ये तिथे कपाट दाखवलं असेल तर ते बसणार नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सेंटरलाइन प्लॅन आल्याशिवाय वर्किंग ड्रॉइंग फायनल करू नका.

*लेव्हल.* मॉडेलमध्ये जमीन शून्यावर सपाट असते आणि प्लॅन एक्स्पोर्ट केला की उंची निघूनच जाते. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेत. तिथे रस्त्याची, जोत्याची आणि पूररेषेची लेव्हल हा मालकाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. निळ्या आणि लाल पूररेषेनुसार बांधकामाची परवानगीही बदलते. या लेव्हल आर्किटेक्टकडून लेखी घ्या आणि सेक्शनवर ठळक लिहा. अंदाजाने टाकू नका.

*मंजुरी.* डिसेंबर २०२०पासून आपल्याकडे यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सबमिशन ड्रॉइंग मीटरमध्ये लागतं. ऑनलाइन तपासणीत सॉफ्टवेअर ठरलेल्या लेयरवरच्या बंद पॉलीलाइन वाचतं. स्केचअपमधून आलेल्या सुट्या रेषांचं क्षेत्रफळ त्याला कळत नाही. म्हणून सबमिशनसाठी बाह्यरेषा हाताने बंद करून काढा.

आता व्यवसायाचं बोलू

तुमचा ग्राहक घरमालक नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज इथले आर्किटेक्ट आणि परवानाधारक इंजिनिअर हे तुमचे ग्राहक. डिझाइन करायला त्यांना आवडतं, पण रात्री बसून शीट काढायला माणूस मिळत नाही. ती जागा तुमची.

एक सावधगिरी. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार नोंदणी नसताना "आर्किटेक्ट" ही पदवी लावता येत नाही. बोर्डावर "ड्राफ्टिंग सर्व्हिसेस" लिहा. सही नेहमी त्यांची, काम तुमचं.

कोटेशन चौरस फुटावर देण्यापेक्षा शीटवर द्या. सबमिशन, वर्किंग प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, दारं-खिडक्यांचं शेड्यूल, जिना, टॉयलेट, इलेक्ट्रिक अशी यादी करा. किती रिव्हिजन फुकट आणि त्यानंतर किती पैसे हे आधीच लिहा. आणि काम सुरू करण्यापूर्वी एक ओळ मेलवर घ्या: "या तारखेचं मॉडेल फायनल." त्यानंतर मालकाने खिडकी हलवली तर ती नवी रिव्हिजन. ही एक ओळ नसल्यामुळे चांगले ड्राफ्ट्समन तोट्यात जातात.

मित्रांनो, सॉफ्टवेअर बदलतील. पण "याच्याकडून आलेल्या ड्रॉइंगवर साइट थांबत नाही" असं तुमच्याबद्दल बोललं गेलं, तर काम शोधत फिरावं लागणार नाही.

या आठवड्याचा होमवर्क: तुमचंच एखादं जुनं मॉडेल उघडा, अचूकता वाढवा आणि किती मापांमागे ती नागमोडी खूण होती ते मोजा. आकडा कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!