मुलांसह फोर्ट कोची : हे लक्षात ठेवा

कसे जाल : मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला जाते. तिथून फोर्ट कोचीला रस्त्याने न जाता बोटीने जा. मुलांची सहल तिथेच सुरू होते.

चिनी जाळी : सकाळीच गाठा. चार-पाच कोळी दोर ओढतात, दोराला बांधलेले दगड खाली येतात आणि पाण्यातून अख्खे जाळे वर उचलले जाते. तरफेची ही गंमत मुलांना न समजावताच कळते.

सेंट फ्रान्सिस चर्च : वास्को द गामाला 1524 मध्ये इथे पुरले, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. मुलांना मात्र छताखालचे कापडी पंखे दाखवा. ते बाहेर बसून दोरीने ओढले जात.

मट्टनचेरी : राजवाड्यात भिंतीभर रामायण रंगवले आहे, मारुती कुठे दिसतो ते शोधायला सांगा. जवळच 1568 चे ज्यूंचे प्रार्थनास्थळ. तिथल्या हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा निरखून पाहा. राजवाडा शुक्रवारी, प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असते.

ओळखीचे सूर : गोव्यातून आलेल्या सारस्वतांची वस्ती इथेच आहे. कोंकणी कानावर पडली तर दचकू नका!

जपून : दमट हवेत मुले लवकर दमतात. पाणी, टोपी, सुती कपडे हवेतच. इथला किनारा फिरायला छान, पोहायला नाही. दुपारी विश्रांती घ्या आणि दिवसाला दोनच ठिकाणे ठरवा.