हवा वर आली, उपग्रह खाली

3 फेब्रुवारी 2022 रोजी फ्लोरिडातून फाल्कन 9 रॉकेट सुटलं. आत स्टारलिंकचे 49 उपग्रह. त्यांना मुद्दामच खाली सोडलं होतं. कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू जेमतेम 210 किलोमीटरवर. एखादा उपग्रह बिघडलेला निघाला तर हवेत घासून आपोआप जळावा, धडधाकट असतील त्यांनी आपल्या इंजिनावर वर चढावं, असा हिशेब.

दुसऱ्याच दिवशी तो हिशेब कोलमडला. हवेचा विरोध आधीच्या उड्डाणांच्या तुलनेत 50 टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रहांना कागदाची कड पुढे करावी तसं उडायला लावलं, म्हणजे हवेला कमीत कमी अंग लागेल. बरेचसे त्या पवित्र्यातून बाहेरच पडू शकले नाहीत. 38 उपग्रह जळून गेले.

गंमत म्हणजे ज्याने हे घडवलं ते भूचुंबकीय वादळ अगदीच किरकोळ होतं.

सौरवारा येऊन आपल्या हवेला धक्का देतो, असा एक समज आहे. तसं होत नाही. सूर्याकडून सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने येणारा हा विद्युतभारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावरून बहुतांशी बाजूला वळतो. पण त्या झोताबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही येतं. ते दक्षिणेकडे वळलेलं असेल तर पृथ्वीच्या उत्तरेकडे रोखलेल्या क्षेत्राशी त्याची गाठ पडते आणि कवचाचं दार उघडतं. मग ध्रुवांवरच्या आयनांबरात लाखो अँपिअरचे प्रवाह वाहू लागतात. शेगडीची तार तापावी तशी तिथली विरळ हवा तापते आणि दूध वर यावं तशी खालची दाट हवा वर चढते. काही तासांत हा फुगवटा विषुववृत्तापर्यंत पोचतो. उपग्रह असतो त्याच जागी. दाट हवाच त्याच्याकडे येते.

वादळाचा जोर किती, हे मात्र जमिनीवरच्या चुंबकमापकांवरून कळतं, आणि इथे मुंबईचा मान मोठा. 1859 च्या प्रसिद्ध सौरवादळात कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून ही चुंबकीय उपकरणं अलिबागला हलवली. 1904 पासून तिथे मोजणी चालू आहे. शहर गाडीत बसायला निघालं आणि वेधशाळेने खाडीपलीकडे बिऱ्हाड केलं!

आता पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून आपलं आदित्य-एल1 यान सौरवाऱ्याची चाहूल घेतं. तिथून नेहमीच्या वेगाने निघालेला झोत आपल्यापर्यंत यायला तासभर लागतो. 210 किलोमीटरवरच्या उपग्रहाची तेवढ्यात पृथ्वीभोवती पुरी एक फेरीही होत नाही. त्या फेब्रुवारीनंतर स्टारलिंकचे उपग्रह अधिक उंचावर सोडू लागले.