‘स्टार ट्रेक’चे पहिले पर्व : एकोणतीस भाग, दोन याद्या आणि मतभेदाचे मोल

पती-पत्नींनी रोज रात्री एक भाग याप्रमाणे एखादी जुनी मालिका पुन्हा पाहावी आणि पर्व संपले की सर्व भागांची क्रमवारी लावावी, हा वरवर पाहता निव्वळ विरंगुळा. जुन्या मालिका घरबसल्या क्रमाने पाहता येऊ लागल्यापासून तो सहजसाध्यही झाला आहे. मात्र दोघांनी स्वतंत्रपणे केलेल्या याद्या शेजारी ठेवल्या की एक कोडे समोर येते. काही भागांचे स्थान दोन्हीकडे जवळपास सारखे असते, तर काही भाग एका यादीत वर आणि दुसरीत तळाशी असतात. पडदा एक, बैठक एक, मग हे अंतर कशामुळे पडते? अमेरिकी विज्ञानमालिका ‘स्टार ट्रेक’चे पहिले पर्व हे कोडे सोडवण्यास विशेष उपयुक्त आहे.

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली ही मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग १३ एप्रिल १९६७ रोजी प्रक्षेपित झाला. एकूण भाग २९, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटांचे. म्हणजे संपूर्ण पर्व पाहण्यास साधारण चोवीस तास लागतात. कॅप्टन कर्क, अर्धा मानव असलेला तर्कनिष्ठ स्पॉक आणि भावनाशील डॉ. मॅकॉय हे तिघे भारतीय प्रेक्षकांना १९८० च्या दशकात दूरदर्शनमुळे परिचित झाले.

पाहण्याचा क्रम कोणता?

क्रमवारीपूर्वी दोघांना आधी पाहण्याचा क्रम ठरवावा लागतो, कारण चित्रीकरणाचा आणि प्रक्षेपणाचा क्रम एक नव्हता. मालिका स्वीकारली जाण्यासाठी नमुना म्हणून तयार केलेला ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा भाग प्रेक्षकांना तिसऱ्या क्रमांकावर दिसला. त्यात गणवेश वेगळे आहेत आणि डॉ. मॅकॉय नाहीत. त्यानंतरच्या नियमित भागांपैकी सर्वप्रथम चित्रित झालेला ‘द कॉर्बोमाइट मॅन्यूव्हर’ प्रक्षेपणात थेट दहावा आला. प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहणाऱ्यास पात्रांच्या स्वभावात मधूनच विसंगती जाणवते, तर चित्रीकरणाच्या क्रमाने पाहणाऱ्यास तीच पात्रे हळूहळू घडताना दिसतात. भागाला मिळणारे गुण असे आधीच्या आणि नंतरच्या भागांवरही अवलंबून राहतात.

‘द मेनॅजरी’ ही कथा दोन भागांत आहे. वाहिनीने नाकारलेल्या पहिल्या नमुना भागाचे चित्रीकरण तिच्यात गुंफून निर्मात्यांनी वेळ आणि पैसा वाचवला. या जोडभागाला १९६७ मध्ये विज्ञानसाहित्यासाठीचा प्रतिष्ठेचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तो एक धरायचा की दोन, यावर यादी २८ ची होणार की २९ ची, हे ठरते.

एका आठवड्याचे अंतर

या पर्वातील बहुतेक क्रमवारींत शिखरावर आढळणारा आणि तळाशी आढळणारा भाग यांच्या प्रक्षेपणात केवळ सात दिवसांचे अंतर होते. ३० मार्च १९६७ रोजी ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’ दाखवला गेला आणि ६ एप्रिलला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. दोहोंत साधने तीच होती. फरक पडला तो कथेच्या बांधणीत.

पहिल्या भागात लाझरस नावाचा माणूस दुसऱ्या विश्वातील आपल्याच प्रतिरूपाशी झुंजतो. कल्पना भव्य आहे. पण दोघांपैकी समोर कोण आहे, हेच प्रेक्षकाला वारंवार उमगत नाही. लाझरसच्या भूमिकेसाठी निवडलेले जॉन ड्रू बॅरीमोर चित्रीकरणाला आले नाहीत आणि ऐनवेळी रॉबर्ट ब्राउन यांना उभे करावे लागले.

दुसऱ्या भागात कर्क आणि स्पॉक १९३० च्या मंदीग्रस्त न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलरवर कर्कचे प्रेम जडते. पण ती वाचली, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिकेचा महायुद्धातील प्रवेश लांबेल आणि जर्मनी जिंकेल, असे स्पॉकला आढळते. म्हणजे जगाच्या भल्यासाठी एका भल्या स्त्रीला डोळ्यांदेखत मरू द्यायचे. हार्लन एलिसन यांच्या मूळ पटकथेत बरेच बदल झाले आणि ते त्यांना अखेरपर्यंत रुचले नाहीत. तरीही प्रक्षेपित भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तर एलिसन यांच्या मूळ मसुद्याला अमेरिकी पटकथाकार संघाने गौरवले. एकाच कथेच्या दोन रूपांना दोन परीक्षकांनी मान दिल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

गुण नेमके कशाला?

टोकाच्या भागांवर एकमत होणे सोपे. खरी परीक्षा मधल्या भागांची. ‘द डेव्हिल इन द डार्क’मध्ये खाणकामगारांना ठार मारणारा खडकासारखा प्राणी म्हणजे आत सरपटणारा माणूस, हे आजच्या प्रेक्षकाला पहिल्याच दृष्टिक्षेपात कळते. दृश्य करामतीला गुण देणारा या भागाला खाली ढकलेल. मात्र तो प्राणी आपली अंडी वाचवू पाहणारी आई आहे आणि खाणकामगारच नकळत तिची संतती नष्ट करत आहेत, हा उलगडा ज्याला मोलाचा वाटतो, तो हाच भाग पहिल्या पाचांत ठेवेल.

‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’मध्ये दोन ग्रहांचे पाचशे वर्षांचे युद्ध केवळ संगणकावर चालते. संगणकाने ‘मृत’ ठरवलेले नागरिक शांतपणे मृत्युकक्षात जातात. शहरे मात्र अबाधित राहतात. येथे देखावा बेताचा आणि विचार धारदार आहे. उलट ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्ये पाणबुडीच्या युद्धपटासारखा ताण आहे. शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा आहे, एवढ्यावरून आपल्याच यानातील अधिकारी त्याच्यावर संशय घेतो, हा धागा आजही जुना झालेला नाही.

भारतीय प्रेक्षकाच्या यादीत ‘स्पेस सीड’चे स्थान आणखी एका कारणाने हलू शकते. जनुकीय निवडीतून घडवलेला आणि १९९० च्या दशकात पृथ्वीच्या मोठ्या भागावर सत्ता गाजवलेला खान नूनियन सिंग या भागात प्रथम अवतरतो. यानावरील इतिहासतज्ज्ञ मार्ला मॅकगिव्हर्स त्याला पाहून तो उत्तर भारतीय, बहुधा शीख असावा, असा तर्क करते. भूमिका केली ती मेक्सिकोत जन्मलेले अभिनेते रिकार्डो माँटलबान यांनी. त्यांच्या अभिनयाचे वजन कोणीही मान्य करील. पण ‘खान’ आणि ‘सिंग’ यांची ती मोळी भारतीय डोळ्यांना खटकल्यावाचून राहत नाही. त्याच्या मोहात पडून मॅकगिव्हर्स आपल्याच यानाशी द्रोह करते, हेही एखादीच्या गुणपत्रिकेत उतरेल.

शेवटाचा भार

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. सहभागींनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात साठ सेकंद हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस सेकंद. मात्र त्या तीस सेकंदांत पाणी एक अंशाने कोमट होत गेले. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारता बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे जास्त काळ त्रास देणारा अनुभव निवडला. स्मृती अनुभवाची लांबी फारशी मोजत नाही; ती तीव्रतम क्षण आणि शेवट धरून ठेवते.

‘द एनिमी विदिन’ हा भाग या दृष्टीने कळीचा ठरतो. यंत्रातील बिघाडाने कर्कचे दोन कर्क होतात : एक सौम्य पण निर्णय घेऊ न शकणारा, दुसरा हिंस्र. नेतृत्वाला स्वतःतील अंधाऱ्या बाजूचीही गरज असते, हा रिचर्ड मॅथेसन यांच्या पटकथेचा गाभा. परंतु तो हिंस्र कर्क जॅनिस रँड या कनिष्ठ सहकारी स्त्रीवर तिच्याच खोलीत अत्याचाराचा प्रयत्न करतो. नंतर कॅप्टनवर बालंट येऊ नये म्हणून ती बोलायलाही कचरते. आणि अखेरीस स्पॉक तिला खोचकपणे सुचवतो की, त्या तोतयात काही आकर्षक गुण होतेच.

एकाला येथे कल्पनेचे धैर्य आणि शॅटनर यांची दुहेरी भूमिका दिसते आणि तो या भागाला सहावे स्थान देतो. दुसरीला ते शेवटचे वाक्य दिसते आणि ती त्याला चोविसावे स्थान देते, असे सहज घडू शकते. अशा वेळी ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर हमखास पुढे येते. पण ते अपुरे आहे. त्याच काळात, त्याच यानाच्या नियंत्रण कक्षात निशेल निकोल्स यांची उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी सन्मानाने बसलेली होती. पहिल्या पर्वानंतर मालिका सोडू पाहणाऱ्या निकोल्स यांना मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबण्याचा आग्रह केला होता, अशी आठवण त्यांनी अनेकदा सांगितली. ज्या मालिकेला काळाच्या पुढे पाहता येत होते, तिने जेथे पाहिले नाही, तेथे गुण कापणे हा तिच्यावर अन्याय नव्हे.

सरासरीत हरवणारा मतभेद

२९ भागांतील प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची, तर ४०६ जोड्या होतात. एका जोडीला एक मिनिट दिले तरी पावणेसात तास लागतील. म्हणून आधी उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे तीन गट पाडून गटांतर्गत क्रम लावणे सोयीचे. नऊ, दहा आणि दहा असे गट केले, तर तुलना १२६ वर येतात. भाग संपताच, चर्चेपूर्वी, दोघांनी आपापले गुण लिहून ठेवणेही गरजेचे; अन्यथा आधी बोलणाऱ्याचे मत दुसऱ्याच्या मतात मिसळते.

दोन्ही याद्यांची सरासरी काढून एकच यादी करण्याचा मोह मात्र टाळावा. सहावा आणि चोविसावा यांची सरासरी पंधरा येते. दोघांनीही निर्विकारपणे पंधरावा ठरवलेल्या भागाची सरासरीही पंधराच. पहिल्या भागावर तासभर वाद झालेला असतो, दुसरा कोणाला धड आठवतही नाही; एकत्रित यादीत मात्र ते शेजारी बसतात.

म्हणून सरासरीऐवजी दोन क्रमांकांतील फरकाचा तिसरा रकाना ठेवणे अधिक उपयोगाचे. ज्या भागांपुढे शून्य किंवा एक असेल, तेथे मालिकेचे गुणदोष बोलतात. जेथे अठरा असेल, तेथे दोघांनी त्या भागाकडून काय मागितले, हे कळते. पुठ्ठ्याचे खडक आणि रबरी प्राणी साठ वर्षांत जुने झाले, यावर कोणत्याही घरात फारसा वाद होणार नाही. सोबत बसलेल्या माणसाला कोणते वाक्य लागले आणि आपल्याला ते का ऐकू आले नाही, हा प्रश्न त्या तिसऱ्या रकान्यापाशी आल्यावरच विचारला जातो.